शेवटचे लिटर कोणाचे?

होर्मुझची सामुद्रधुनी बंद होणार का, ही चर्चा दर थोड्या काळाने डोके वर काढते. जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण संघर्ष पेटला आणि इराणच्या संसदेने ती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा आपल्याकडे पहिला प्रश्न आला तो पेट्रोल किती रुपयांनी महागणार हा. प्रश्न चुकीचा नाही. जगात रोज वापरल्या जाणाऱ्या तेलापैकी जवळपास पाचवा हिस्सा या अरुंद पट्ट्यातून जातो आणि भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त कच्चे तेल बाहेरून आणतो. पण भावाच्या गदारोळात एक मोठा प्रश्न मागे पडतो. जगातली मोठी नौदले ज्या तेलावर चालतात ते तेलच हळूहळू कमी होत गेले, तर त्यांच्या ताकदीचे काय होईल? आणि जे तेल उरेल त्यातून आधी कोणाची टाकी भरली जाईल, युद्धनौकेची की सोयाबीन काढणाऱ्या मळणीयंत्राची?

परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्यात राहणाऱ्याने आरमारावर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. आमच्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. मात्र शिवारातल्या ट्रॅक्टरचे डिझेल आणि मुंबईच्या नौदल गोदीत उभ्या जहाजाचे इंधन एकाच प्रकारच्या पिंपातून येते. पिंप लहान झाले की वाटणीचा प्रश्न येतो, आणि वाटणीच्या वेळी दूरच्या गावाचा नंबर शेवटी लागतो, हा आपला जुना अनुभव आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: तेल कमी आणि महाग होईल तसा नौदलांचा हात आखडेल. मात्र त्यामुळे शांतता आपोआप येणार नाही. उरलेल्या तेलावर ताबा मिळवण्यासाठी लढाया होण्याचा धोका आहे आणि त्या लढायांची किंमत सामान्य माणूसच मोजतो. म्हणून टंचाई येण्याआधीच वाटणीचा क्रम ठरला पाहिजे आणि तो लोकांसमोर ठरला पाहिजे.

वारा, कोळसा, तेल

नौदलाचा पल्ला म्हणजे काय? किती लांब जाता येते, तिथे किती दिवस थांबता येते आणि परत येता येते का, एवढाच त्याचा अर्थ. तोफा आणि क्षेपणास्त्रे नंतर येतात. आधी इंधन.

शिवाजी महाराजांच्या आरमारात दर्यासारंग आणि दौलतखान ही नावे मानाने घेतली जातात. त्या काळी जहाजे वाऱ्यावर चालत. वारा फुकट होता, पण हुकमी नव्हता. पावसाळ्यात समुद्र खवळला की गलबते किनाऱ्याला ओढून ठेवावी लागत. वाफेच्या इंजिनाने ही अडचण दूर केली आणि नवी अडचण आणली. १८३० मध्ये 'ह्यू लिंडसे' ही मुंबईत बांधलेली आगबोट सुएझला निघाली, तेव्हा कोळशासाठी तिला वाटेत एडनला थांबावे लागले. नऊ वर्षांनी, १८३९ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईहून गेलेल्या फौजेने एडन ताब्यातच घेतले. त्यामागच्या कारणांत कोळशाच्या साठ्यासाठी हक्काचे बंदर हे प्रमुख कारण होते. त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे येमेनच्या किनाऱ्यावरच्या त्या शहराचा कारभार मुंबई इलाख्यातून चालला. इंधन भरण्याची जागा हवी म्हणून दुसऱ्याचे शहर घ्यायचे, ही रीत तिथूनच आपल्या ओळखीची आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदल कोळशावरून तेलावर आले. तेलात वजनाच्या मानाने कोळशाच्या साधारण दीडपट ऊर्जा असते, ते भर समुद्रात एका जहाजातून दुसऱ्यात भरता येते आणि भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारी माणसे लागत नाहीत. अडचण एकच होती. कोळसा ब्रिटनमध्ये भरपूर होता आणि तेल जवळजवळ नव्हते. ते इराणमध्ये १९०८ साली सापडले होते. १९१४ मध्ये, विन्स्टन चर्चिल नौदलमंत्री असताना, ब्रिटिश सरकारने अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा विकत घेतला. नौदलाचे इंधन परक्या जमिनीत गेले आणि त्याच्या रक्षणासाठी सैन्य लागू लागले. ते सैन्य कुठून आले, हे आपण विसरलो आहोत.

पूना डिव्हिजनची आठवण

नोव्हेंबर १९१४ मध्ये इराकच्या टोकाला, शत्त-अल-अरबच्या मुखाशी फाओ येथे जी फौज उतरली ती सहाव्या, म्हणजे पूना डिव्हिजनची होती. तिच्या पहिल्या ब्रिगेडमध्ये ११७ वी मराठा पलटण होती. आबादानची तेल रिफायनरी आणि तिथपर्यंतची पाइपलाइन सुरक्षित ठेवणे हे या मोहिमेचे एक मुख्य काम होते. त्याच महिन्यात बसरा पडले. मग लोभ वाढला आणि फौज बगदादच्या दिशेने सरकत गेली. शेवट झाला कुत-अल-अमारा येथे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी तिथल्या वेढ्यात अडकल्या. उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार जण शरण गेले. त्यातले बहुसंख्य हिंदी होते आणि हजारो जण पुढे कैदेत मेले.

या फौजेत मुसलमान शिपाईही होते. समोर तुर्की खलिफाचे सैन्य होते आणि मागे इंग्रज अधिकारी. सातारा-रत्नागिरीकडचा शेतकऱ्याचा मुलगा आणि पंजाबचा मुसलमान शिपाई, दोघांनाही आपण कशासाठी लढतो आहोत हे कोणी सांगितले नव्हते. पुढे खिलाफत चळवळीत जो संताप उसळला त्याच्या मुळाशी मुख्यतः तुर्कस्तानच्या खलिफाचा प्रश्न होता, पण परक्याच्या युद्धात आपली माणसे वापरली गेली ही जखमही त्यात होती. इराकी जनतेच्या वाट्याला स्वातंत्र्याऐवजी ब्रिटिश अंमल आला आणि १९२० मध्ये तिथे उठाव झाला.

तेलासाठी सैन्य लांब पाठवले की काय होते, याचे हे आपल्या घरचे उदाहरण आहे. म्हणून पुढची गोष्टही लक्षात ठेवायला हवी. २००३ मध्ये अमेरिकेने इराकवर हल्ला केल्यानंतर भारताकडे एका डिव्हिजनएवढे सैन्य मागितले होते. आपल्या संसदेने त्या युद्धाविरुद्ध ठराव केला होता आणि जुलै २००३ मध्ये वाजपेयी सरकारने सैन्य पाठवण्यास नकार दिला. ८९ वर्षांपूर्वी आपल्याला विचारलेच गेले नव्हते. या वेळी विचारले गेले आणि लोकशाही देशाने नाही म्हटले. हा फरक मोठा आहे.

तेल खरेच कमी होते आहे का?

इथे घाई करून चालणार नाही. 'तेल संपणार' ही भाकिते अनेकदा फसली आहेत. मॅरियन किंग हबर्ट या भूशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये सांगितले होते की अमेरिकेचे उत्पादन १९७० च्या आसपास शिखर गाठून उतरेल. तसेच झाले. पण पुढे शेल खडकातून तेल काढण्याचे तंत्र आले आणि अमेरिकेने १९७० चा आकडाही ओलांडला. उद्या सकाळी विहिरी कोरड्या पडतील असे समजण्याचे कारण नाही.

मात्र एकेक क्षेत्र म्हातारे होते, हे सत्य आहे. आपल्यासमोर मुंबई हाय आहे. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने तिथे तेल शोधले आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झाले. १९८५ च्या सुमारास तिथून दिवसाला सुमारे पावणेपाच लाख पिंपे तेल निघत होते. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी निघते. उत्पादन पुन्हा थोडे वर न्यावे म्हणून ओएनजीसीने २०२५ च्या सुरुवातीला बीपी या परदेशी कंपनीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतले. प्रयत्न योग्य आहे, पण म्हातारपण लांबवता येते, रद्द करता येत नाही.

दुसरा मुद्दा निर्यातीचा. तेल काढणारा देश स्वतःच जास्त जाळू लागला की विकायला कमी उरते. इंडोनेशिया एकेकाळी ओपेकचा निर्यातदार सदस्य होता. स्वतःच आयातदार झाल्यावर त्याने २००८ मध्ये ओपेक सोडण्याचा निर्णय जाहीर केला. ब्रिटनचे उत्तर समुद्रातले उत्पादन १९९९ मध्ये शिखरावर होते आणि काही वर्षांतच तो देश पुन्हा तेल आयात करू लागला. आपल्यासारख्या घेणाऱ्याला जमिनीखाली किती तेल आहे याने फरक पडत नाही. बाजारात परवडणाऱ्या भावात किती येते, याने पडतो.

हात कसा आखडतो

जहाजाचे गणित साधे पण कठोर आहे. पाण्यातून जाताना वेग दुप्पट करायचा तर इंजिनाची शक्ती साधारण आठपट लागते. उलट बघितले तर २० नॉटऐवजी १४ नॉटने गेल्यास तेवढ्याच अंतराला जवळपास निम्मे इंधन पुरते. म्हणून इंधन तुटले की नौदल एका दिवसात थांबत नाही. आधी वेग कमी होतो, मग सराव कमी होतात, गस्तीच्या फेऱ्या लांबतात आणि जहाजे बंदरात जास्त दिवस उभी राहतात. कागदावर ताफा तेवढाच दिसतो, समुद्रावर तो लहान झालेला असतो.

आपली 'विक्रांत' ही विमानवाहू नौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली. ती चार गॅस टर्बाइनवर चालते आणि एका भरणीत सुमारे ७,५०० सागरी मैल जाऊ शकते. पण ती एकटी फिरत नाही. तिच्यासोबतच्या विनाशिका, फ्रिगेट आणि विमाने सगळी तेलच पितात. त्यांना समुद्रात इंधन पुरवायला 'दीपक', 'शक्ती' अशी इंधनवाहू जहाजे लागतात. पल्ला खरा किती, हे या जहाजांच्या संख्येवरून ठरते. अमेरिकेच्या विमानवाहू नौका अणुशक्तीवर चालतात म्हणून त्या तेलापासून मुक्त आहेत असे अनेकांना वाटते. तेही खरे नाही. त्यांच्या डेकवरची विमाने तेलावरच उडतात आणि सोबतची बहुतेक जहाजेही.

इतिहासात याचा सर्वांत कठोर धडा जपानला मिळाला. १९४१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेने तेल बंद केले. जपानने माघार घेण्याऐवजी डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या तेलविहिरी जिंकायचे ठरवले आणि त्या वाटेत अमेरिकेचा अडथळा नको म्हणून पर्ल हार्बरवर हल्ला केला. विहिरी हाती आल्या, पण ते तेल मायदेशी नेणाऱ्या टँकर अमेरिकी पाणबुड्यांनी बुडवल्या. १९४४ पर्यंत जपानच्या मोठ्या युद्धनौकांना इंधनासाठी सुमात्रा-बोर्निओच्या जवळच थांबावे लागत होते आणि नव्या वैमानिकांना शिकवायलाही पेट्रोल पुरत नव्हते. तेल कमी झाले म्हणून जपान शांत झाला नाही. आधी तो जास्त आक्रमक झाला आणि मग कोसळला.

ब्रिटनने दुसरी वाट धरली, अर्थात नाइलाजाने. खजिना परवडेना म्हणून १९६७ मध्ये तो एडनमधून बाहेर पडला आणि १९७१ पर्यंत आखातातूनही. जे शहर कोळशासाठी घेतले, जिथे पुढे तेलशुद्धीकरण कारखाना उभारला, ते सोडून जावे लागले. हात आखडता घेता येतो आणि देश तरीही टिकतो, हे त्यातून दिसते.

आता आणखी एक बदल झाला आहे. लांब पोहोचणे महाग होत असताना जवळून अडवणे स्वस्त झाले आहे. येमेनच्या हूथींकडे मोठे नौदल नाही. तरी नोव्हेंबर २०२३ पासून ड्रोन आणि क्षेपणास्त्रांच्या जोरावर त्यांनी तांबड्या समुद्रातली व्यापारी वाहतूक विस्कळीत केली आणि अनेक कंपन्यांनी जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. युक्रेनने बिनमाणसाच्या छोट्या बोटींनी काळ्या समुद्रात रशियाच्या ताफ्याला मागे ढकलले. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करणाऱ्याला हे लगेच कळते की अशा यंत्रांत इंधन थोडे आणि संगणकीय बुद्धी जास्त लागते. मोठ्या जहाजाचा पल्ला आखडत जाईल, छोट्या यंत्राची अडवण्याची ताकद वाढत जाईल.

नौदल नको, असे नाही

यावर कोणी म्हणेल की मग नौदल मोडायचे का? अजिबात नाही. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री 'निपात', 'निर्घात' आणि 'वीर' या क्षेपणास्त्र बोटींनी कराचीवर हल्ला केला. या बोटी मुळात किनारा राखण्यासाठी बनवलेल्या, त्यांचा पल्ला तोकडा. इंधन पुरवणारे 'पोशक' हे जहाज मोहिमेत सोबत होते. त्या युद्धात कियामारीच्या तेलटाक्या पेटल्या आणि पाकिस्तानी नौदलाच्या हालचाली थंडावल्या. आपले इंधन पुरवायचे आणि समोरच्याचे जाळायचे, असाच तो डाव होता. मार्च २०२४ मध्ये 'आयएनएस कोलकाता'ने किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर चाच्यांच्या ताब्यातले 'रुएन' जहाज सोडवले, १७ खलाशी वाचवले आणि ३५ चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या हवाली केले. तेलवाहू आणि मालवाहू जहाजांवर आपल्या कोकणातली कितीतरी मुले काम करतात. त्यांच्यासाठी हे नौदल हवेच.

प्रश्न आहे तो मर्यादेचा. आपल्या समुद्राचे आणि खलाशांचे रक्षण एक गोष्ट आहे. दुसऱ्याच्या तेलावर हक्क सांगण्यासाठी किंवा बड्या देशाच्या मोहिमेत शेपूट म्हणून जाण्यासाठी लांबचा पल्ला वाढवणे ही वेगळी गोष्ट आहे. पहिलीला थोडे तेल पुरते. दुसरीला कितीही अपुरे पडते.

टंचाईत रांग कशी लागते

१९७३ च्या तेलबंदीत अमेरिकेत लोक पंपांवर रांगा लावून उभे होते. त्याच नोव्हेंबरमध्ये तिथल्या संरक्षण खात्याने डिफेन्स प्रॉडक्शन अ‍ॅक्टचा आधार घेऊन देशातल्या तेल कंपन्यांकडून सैन्यासाठी इंधन मिळवले. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे पेट्रोल रेशनवर गेले होते आणि लोक कोळशाच्या गॅसवर गाड्या चालवत होते. सैन्याचा नंबर आधी लागतो, हा अलिखित नियम सगळीकडे आहे.

भारताने आखाताचा धक्का १९९० मध्ये पूर्ण सोसला. कुवेतवर इराकचा कब्जा झाला, तेल भडकले, सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना तिथून परत आणावे लागले, त्यांनी पाठवलेला पैसा थांबला आणि जुलै १९९१ मध्ये सुमारे ४७ टन सोने परदेशात गहाण ठेवण्याची पाळी आली. आज आखाती देशांत सुमारे ९० लाख भारतीय आहेत. त्यात कोकण आणि मराठवाड्यातली मुसलमान कुटुंबेही मोठ्या संख्येने आहेत. तिथे तेलासाठी युद्ध पेटले तर एका घराला दोन्हीकडून मार बसतो. दुबईहून येणारा पैसा थांबतो आणि गावातले डिझेल महागते.

आपली तयारी काय आहे? विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर येथे मिळून ५३ लाख टनांचे भूमिगत साठे आहेत. सरकारच्याच हिशेबाने ते साडेनऊ दिवस पुरतील. तेल कंपन्यांकडचा साठा धरला तर सुमारे ७४ दिवस. या ७४ दिवसांत कोणाला किती, हे मात्र सामान्य माणसासमोर कधी मांडले गेलेले नाही. खरिपाची पेरणी जूनमध्ये येते. ती दहा दिवस चुकली तर शेतकऱ्याचे वर्ष जाते. नौदलाची गस्त दहा दिवस उशिरा निघाली तर भरून काढता येते.

मागण्या साध्या आहेत

पहिली: १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यात पेट्रोलियम पदार्थ आहेतच. त्याच कायद्याखाली टंचाईकाळातला वाटपाचा क्रम आधीच जाहीर करावा. रुग्णवाहिका, रुग्णालयांचे जनरेटर, पाण्याचे टँकर, पेरणी आणि काढणीचे डिझेल, एसटी यांचा किमान हिस्सा राखून ठेवावा. देशाच्या रक्षणाचा हिस्साही त्यात लिहावा, म्हणजे दोघांनाही आपली मर्यादा कळेल.

दुसरी: सैन्यदले वर्षाला एकूण किती इंधन वापरतात, हे संसदेला कळावे. जहाज कुठे आहे हे गुपित असू शकते. देशाचे तेल किती जळते हे गुपित असण्याचे कारण नाही.

तिसरी: तेलाची गरजच कमी करावी. मुंबई-नांदेड वंदे भारत आमच्या चुडावा स्थानकावरून विजेवर धावत जाते. ज्या रुळांवर एकेकाळी कोळशाची आणि मग डिझेलची इंजिने होती, तिथे हे झाले. मग शेतात आणि एसटीत का नाही? 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना चांगली आहे. एसटीसाठी ५,१५० ई-बसचा करार झाला, पण गाड्या वेळेवर आल्या नाहीत. एका बसने वाचवलेले डिझेल हे आयात न केलेले, कोणत्याही युद्धनौकेने राखावे न लागणारे डिझेल असते. उसाच्या इथेनॉलवर मात्र मराठवाड्याने फार विसंबू नये. तेल वाचवताना विहिरी आटवणे परवडणारे नाही.

चौथी: आखातात भारताने २००३ सारखीच भूमिका ठेवावी. सगळ्यांशी व्यापार, कोणाच्याही तेलयुद्धात शिपाई नाही.

या मागण्या कोणा एका समाजाच्या नाहीत. ग्रामसभेत, बाजार समितीत, मशिदीच्या आवारात, कॉलेजात, जिथे चार माणसे जमतात तिथे यावर बोलता येईल. खासदार गावात येतात तेव्हा रस्त्याबरोबर हाही प्रश्न त्यांना विचारता येईल: साठा ७४ दिवसांचा आहे, त्यातले आमचे किती दिवस? उत्तर लेखी मागावे. कुतच्या वाळवंटात मेलेल्या शिपायांना हा प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आपल्याला आहे.

(लेखक सॉफ्टवेअर अभियंता असून चुडावा, जि. परभणी येथील रहिवासी आहेत.)